रिकामी गाडी आणि एक धोंडा

गाडी दुसऱ्या शहरात पाठवायची असेल तर ती रिकामी द्यावी लागते, हे गाड्या वाहून नेणाऱ्या माणसाने मला फोनवर तीनदा सांगितलं. डिकीत सामान नको, सीटखाली काही नको, पाण्याची बाटलीसुद्धा नको. मी तिन्ही वेळा हो म्हटलं. बँकेत वीस वर्षं काढल्यामुळे नियम मला पटकन पटतो आणि दुसऱ्याला पटवताही येतो, असा माझा समज होता. खानदेशातल्या घराला रिकामी गाडी पाठवणं पटवता येत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं.

माझी गाडी दिसायला चारचौघींसारखीच. छोटी, पांढरी, गिअर बदलावे न लागणारी. फरक आहे तो स्टिअरिंगखाली. दोन वर्षांची असताना पोलिओने माझे दोन्ही पाय लुळे केले. म्हणून ब्रेक आणि रेसला लोखंडी दांडे जोडून ते वर माझ्या उजव्या हाताशी आणले आहेत. मूठ पुढे ढकलली की ब्रेक, मागे ओढली की रेस. डावा हात स्टिअरिंगवर. जळगावातल्या एका मेकॅनिकने हे दांडे तीन महिने वाकवले, कापले, पुन्हा जोडले, तेव्हा कुठे ती मूठ माझ्या हाताला बसली. पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत लोक सकाळी स्कूटर काढतात तशी मी गाडी काढते, बँकेत जाते, येताना भाजी घेते, वाट अडवून उभ्या असलेल्या रिक्षावाल्याशी भांडते आणि घरी येते. खाली उतरले की मला पायांना लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर लागतं, कुबडी लागते, लांब जायचं तर चाकाची खुर्ची लागते. गाडीत बसले की कुणी आणि काहीही लागत नाही.

बँकेत माझ्यासारखीला घराजवळ ठेवायची सवलत आहे. त्या सवलतीवर मी जळगावात राहिले आणि दोनदा बढती नाकारली, कारण बढतीबरोबर लांबची बदली येते. माझ्या हाताखाली काम शिकलेली माणसं मोठ्या खुर्च्यांवर जाऊन बसली आणि तिथून फोन करून मलाच अडचणी विचारू लागली. तिसऱ्या वेळी मी हो म्हटलं. गाव निघालं गुवाहाटी.

भाऊ पेटलाच. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. धुळ्याच्या अलीकडे आमचं गाव आहे, तिथे तो, वहिनी आणि आबा, म्हणजे आमचे वडील, शेती पाहतात. लहानपणी भाऊने मला पाठुंगळी घेऊन अख्खं गाव फिरवलेलं. त्याच्या लेखी मी अजून त्याच्या पाठीवरच आहे, हे मला त्याच्यावर रागावताना नेहमी आठवतं आणि राग अर्धा होतो.

"तठे कोन शे तुन्हं?" त्याने विचारलं.

"मन्ही गाडी शे," मी म्हटलं.

झालं, त्याने तेवढंच धरलं. "मंग गाडी जाई तर तू जाशी. गाडी नही तं तूबी नही." मीही ताठ मानेने कबूल झाले. आबा ओट्यावर बसून ऐकत होते. भाऊने त्यांना साक्षीला धरलंय हे आम्हा तिघांनाही समजलं.

गाड्यांचा ट्रेलर जळगावात येणार नव्हता. धुळ्याबाहेर हायवेवर एक मोठं मैदान आहे, तिथून तो गाड्या भरून पुढे निघतो. म्हणून मी आदल्या दिवशी दुपारीच एरंडोल, पारोळा मागे टाकत गावी मुक्कामाला गेले. माझी चाकाची खुर्ची विमानाने माझ्याबरोबर येणार होती, ती भाऊने काढून त्याच्या पिकअपमध्ये ठेवली. मागची सीट मी त्या खुर्चीसाठी कायम पाडलेलीच ठेवते. आता तिथे नुसती मोकळी जागा राहिली, आणि वहिनीला मोकळी जागा बघवत नाही.

"खाली गाडी कशी धाडानी? ती काय चोरनी शे?" वहिनी म्हणाली.

मी तिला नियम सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतला. आमच्याकडे शेजारणीची वाटी परत करतानासुद्धा चिमूटभर साखर टाकून देतात. लेकीबाळीची अख्खी गाडी कोरडी निघणार म्हणजे तिला ओटी न भरता लेक पाठवल्यासारखं वाटत असणार. पण ती वाद घालत नव्हती, आणि वहिनी वाद घालत नाही तेव्हाच सावध व्हायचं असतं. सकाळी पाहिलं तर मागच्या जागेवर एक जुनी चादर नीट पसरलेली होती. "धूळ नको बसाले," ती म्हणाली. मी आरशात चादर पाहिली. चादरीखाली काय आहे ते पाहिलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद उलटेपालटे करून तपासणाऱ्या बाईची ही तपासणी.

दहाच्या सुमाराला आम्ही मैदानावर पोचलो. मी माझ्या गाडीत, भाऊ आणि आबा मागून पिकअपमध्ये. ट्रेलर उभा होता. लांबच लांब, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या भिंती, आत वरखाली दोन मजले आणि मागच्या तोंडाला जमिनीपर्यंत सोडलेला लोखंडी रॅम्प. बाकीच्या गाड्या चढून झाल्या होत्या. खालच्या मजल्यावर अगदी मागे, तोंडाशी, एका गाडीची जागा शिल्लक होती. ती माझी.

तिथल्या मुकादमाने गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढले, जुने ओरखडे कागदावर लिहिले आणि विचारलं, "सामान?"

"काही नाही," मी म्हटलं आणि ठसठशीत सही केली.

मग गाड्या चढवणारा माणूस आला. धुळ्याचाच, चांगला उंचापुरा, रोज डझनभर गाड्या चढवणारा. मी त्याला मूठ कशी चालते ते समजावलं. त्याने 'हो ताई, हो ताई' केलं आणि आत बसून सवयीने पायच वापरला. पण ते दांडे माझ्या मापाचे. त्याचा गुडघा मुठीखाली अडकला, पाय दाबला तसा दांडा त्याच्या नडगीवर बसला, तो दचकला, आणि गाडीने रॅम्पच्या तोंडाशी बेडकासारखी उडी मारली. बंपर लोखंडाला घासला. त्याने दुसऱ्यांदा प्रयत्न केला, तर पुढची चाकं तिरपी चढली आणि एक चाक रॅम्पच्या कडेवरून उतरता उतरता राहिलं. तो घाम पुसत बाहेर आला.

"ताई, हे दांडे काढून टाकू. चार नट तर आहेत."

"ते काढले तर गुवाहाटीत पुन्हा माझ्या मापाने बसवणार कोण?" मी म्हटलं. "तुम्ही येणार का?"

तो नाही म्हणाला. ट्रेलरचा ड्रायव्हर हरयाणाचा होता, त्याला शिरपूरच्या पुढे जाऊन जेवायचं होतं. त्याने घड्याळ पाहिलं. "छोड़ो दीदी, अगली बार भेज देना." अगली बार म्हणजे कधी, ते मुकादमालाही सांगता येईना. गुवाहाटीचा माल रोज थोडाच निघतो?

भाऊ माझ्याजवळ आला. तो खूश झाला होता असं मी म्हणणार नाही. त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं, ते दिसत होतं.

"बरं व्हयनं," तो हळूच म्हणाला. "चाल घर."

मला त्या क्षणी त्याचा इतका राग आला की कुबडी हाणावीशी वाटली. आणि त्याच वेळी मला कळत होतं की आत्ता घरी गेले तर मी कायमची जाणार. चौथ्यांदा विचारायला बँक काही माझी आत्या नाही. पुढची दहा वर्षं मी पिंप्राळ्यात बसून फोनवर इतरांच्या अडचणी सोडवल्या असत्या आणि भाऊने दर दिवाळीला माझ्यावर आणखी माया केली असती.

"मी चढावस गाडी," मी म्हटलं.

मुकादम हसला नाही, हे त्याचे उपकार. त्याने खरी अडचण सांगितली. "ताई, चढवाल हो तुम्ही. पण आत पत्र्याच्या भिंती आहेत, दार उघडत नाही. आमची माणसं काचेतून बाहेर निघतात आणि भिंतीला चिकटून येतात. तुम्ही कशा निघाल?"

मी ट्रेलरकडे पाहिलं. माझी जागा शेवटची होती. म्हणजे गाडीची डिकी बाहेरच्या बाजूला, रॅम्पकडे येणार. आणि मागची सीट पाडलेली होती.

"डिकीतून," मी म्हटलं.

कशी, ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगावं लागलं असतं, आणि सांगणं करण्यापेक्षा अवघड होतं. सात वर्षांची होईपर्यंत मला कॅलिपर नव्हतं. तोवर मी घरभर बसून घसरत फिरायची. तळहात जमिनीला टेकवायचे, अंग उचलायचं, पुढे टाकायचं. सारवलेल्या जमिनीवर मी कुणाच्याही चालण्याइतकी वेगाने घसरायची. शाळेत जायला लागल्यावर पोरांनी त्यावरून एक नाव पाडलं, ते मी इथे लिहिणार नाही. तेव्हापासून मी चार लोकांत कधी घसरले नाही. घरी एकटी असताना घसरते, कारण तेच सगळ्यात सोपं आहे. पण दाराची बेल वाजली की आधी खुर्चीत बसते आणि मग 'आले' म्हणते. चाळीस वर्षं पाळलेला हा नेम होता, आणि तो आता धुळ्याच्या हायवेवर सात-आठ अनोळखी पुरुषांपुढे मोडायचा होता. मोडायचा तर मोडायचा. मी गाडीत बसले.

गाडी सरळ करून रॅम्पसमोर आणली. आरशात पाहिलं तर मागच्या चाकाशी कुणीतरी वाकलेलं दिसलं. आबा होते. शहात्तर वर्षांचे आबा, धोतराचा सोगा खोचलेला, हातात नारळाएवढा एक धोंडा.

मुकादम ओरडला, "बाबा, बाजूला व्हा! गाडी मागे आली तर?"

"मागं येवाले नको म्हनीसनच तं हाऊ धोंडा शे," आबा म्हणाले. बैलगाडी चढाला लागली की मागून माणूस धोंडा घेऊन चालतो आणि बैल थांबले की तो चाकामागे सारतो. आबांनी जन्मभर तेच केलं होतं. पण मला बैलगाडी आठवली नाही. मला माझी हाताने पायडल मारायची तीनचाकी आठवली. शाळा टेकाडावर होती. आबा रोज शेतावर जाण्याआधी धोंडा घेऊन माझ्या मागून टेकाड चढायचे. माझे हात थकले की धोंडा चाकामागे ठेवायचे आणि उभे राहायचे. मी दम खाल्ला की धोंडा उचलायचे. भाऊ म्हणायचा, आबा, ढकला ना तिला, उशीर होतोय. आबांनी एकदाही ढकललं नाही. एकदाही मागे येऊ दिलं नाही.

मुकादमाने शेवटी त्यांना चाकाच्या मागे नाही, बाजूला उभं राहायची परवानगी दिली. मी मूठ ओढली. पुढची चाकं लोखंडावर चढली, नाक वर झालं आणि समोर फक्त ट्रेलरचं अंधारं तोंड दिसू लागलं. गाड्या चढवणारा आत उभा राहून हाताने डावं-उजवं दाखवत होता. निम्म्यावर मी मुद्दाम थांबले. ब्रेक धरतो का ते पाहायचं होतं. धरला. तरीही चाकाखाली धोंडा खरडल्याचा आवाज आला. मी पुन्हा मूठ ओढली. एका दमात गाडी आत गेली आणि पुढच्या गाडीच्या वीतभर अलीकडे मी ती उभी केली.

"वा ताई!" तो आतला माणूस म्हणाला. "मी असतो तर आणखी वीतभर जागा सोडली असती."

त्या एका वाक्यावर मी आठवडाभर जगू शकले असते. पण आता उतरायचं होतं. डिकीचा खटका ओढला, बाहेरून कुणीतरी ती उचलली, मागून ऊन आत आलं. सीट मागे पाडली, पाय हाताने उचलून वर घेतले, तळहात टेकवले आणि मागे सरकले. एक हात, दोन हात. आणि माझी पाठ कशावर तरी आपटली.

मी चादर ओढली.

खाली वहिनीने घर मांडलं होतं. ज्वारीच्या पापडांचा, म्हणजे बिबड्यांचा डबा, उडदाच्या पापडांचा डबा, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाची पिशवी, वाळलेल्या मिरच्या, शेंगदाण्याची चटणी, आणि मधोमध गोधडीत तान्ह्या बाळासारखं गुंडाळलेलं खापर. पुरणाचे मांडे भाजायचं मातीचं खापर! माझ्या हातून मांडा सोडाच, साधी पोळी गोल होत नाही, आणि माझी वहिनी मला खापर देऊन आसामात पाठवत होती.

मुकादम डिकीशी उभा होता. त्याच्या हातात मी सही केलेला कागद होता.

"काही नाही म्हणालात ना ताई?"

मी एकेक वस्तू मागे सरकवू लागले आणि भाऊ त्या उतरवून घेऊ लागला. डबा निघाला की मागे उभा एखादा हसायचा, पिशवी निघाली की सगळे. हरयाणाच्या ड्रायव्हरने बिबड्यांचा डबा उघडून विचारलं की हे कच्चं खातात की तळून. गाडी अडवून धरल्याचा त्याचा राग तिथे संपला. तो डबा आम्ही त्यालाच देऊन टाकला. मीही हसत होते. हसता हसताच डिकीच्या काठावर आले, आणि बसून घसरत आल्याचं मला काठावर आल्यावर कळलं.

पुढे रॅम्प. मार्चचं ऊन, लोखंड तापलेलं. भाऊने खापर आबांच्या हाती दिलं, दोन्ही हात पुढे केले आणि मला उचलायला वर आला. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यात नुसती माया होती, आणि मला तीच नको होती.

"तिले हात नको लावू," खालून आबा म्हणाले. "तिनी ती येई."

भाऊ थांबला. मग त्याने खाली वाकून आबांच्या हातातल्या खापराची गोधडी सोडवली, झटकली आणि रॅम्पवर पसरली. तो बाजूला झाला. मी तळहात टेकवले, अंग उचललं आणि त्या गोधडीवरून, सगळ्यांच्या देखत, बसून घसरत धुळ्याच्या जमिनीवर उतरले. कुणी हसलं नाही. हसलं असतं तरी मला त्याचं काही वाटलं नसतं, हे मला खाली आल्यावर उमगलं. मुकादमाने कुबडी दिली. भाऊने कपड्यांची धूळ झटकली, बराच वेळ झटकली, आणि मान वळवून डोळे पुसले.

परत येताना पिकअपमध्ये आम्ही तिघं पुढेच दाटीवाटीने बसलो. खापर माझ्या मांडीवर, धोंडा आबांच्या मांडीवर. आबांनी विचारलं, "तठे चढ शेतस का?"

"खूप आहेत," मी म्हटलं. "टेकड्यांचंच गाव आहे म्हणतात."

"मंग हाऊ धोंडा लई जाय."

भाऊ म्हणाला, आबा, विमानात वजन मोजतात. आबा म्हणाले, खापरापेक्षा हलका आहे. ते खरंच होतं. खापर घरी राहिलं, वहिनी दोन दिवस माझ्याशी तुटक बोलली आणि तिसऱ्या दिवशी माझ्या बॅगेत तिने कळण्याचं पीठ कोंबलं. धोंडा मी स्वतः साडीत गुंडाळून ठेवला. विमानतळावर यंत्रातून बॅग दोनदा फिरवून तिथल्या बाईने ती उघडायला लावली. "यह पत्थर है?" मी हो म्हटलं. "किसलिए?" मी म्हटलं, गाडी के पीछे लगाने के लिए, पिताजी ने दिया है. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या चाकाच्या खुर्चीकडे पाहिलं, धोंडा पुन्हा साडीत गुंडाळला आणि चेन लावून दिली.

गाडी बाराव्या दिवशी पोचली. बंपरवरच्या त्या ओरखड्याशिवाय नवीन काही नव्हतं. डिकीतून घसरत आत गेले, मुठीवरची धूळ पदराने पुसली, मीच गाडी रॅम्पवरून उतरवली, आणि त्या अनोळखी गावातून, कुणालाही रस्ता न विचारता दोनदा चुकून, माझी मी घरी आले. भाऊचा फोन आला. गाडी पोचली का, एवढंच त्याने विचारलं. पोचली म्हटल्यावर 'बरं व्हयनं' म्हणाला, आणि या वेळी त्याला खरंच बरं वाटलं असावं. मग फोन आबांनी घेतला.

"चाकना मांगे धोंडा शे का?"

"शे, आबा," मी म्हटलं.

मी खोटं बोलले नाही. हँडब्रेक ओढलेला होता, गाडी बंद होती, तरीही कुबडी टेकत मागे जाऊन मी तो चाकाला नीट लावून आले होते. इमारतीच्या वॉचमनने मला तसं करताना पाहिलं आणि तो बुचकळ्यात पडला. ती जागा अगदी सपाट होती.